झोपेची शिस्त कोणाला शिकवता?

महोदय,

कालच्या पुरवणीतला शांत झोपेच्या सात सूत्रांचा लेख वाचला. खरं तर वाचावा लागला. सकाळी साडेसातलाच नणंदेने त्याचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवला आणि पाठोपाठ फोन. "वहिनी, तुम्ही दादाला दुपारी झोपू देता ना, तिथंच चुकतंय बघा. पेपरात आलंय." पेपरात आलंय म्हटल्यावर आमच्याकडे विषय संपतो.

आमच्या यांना हंटिंग्टनचा आजार आहे, मेंदूचा; हातपाय आपोआप हालत राहतात. दुर्मीळ आनुवंशिक मेंदूविकारांतही हीच सूत्रे उपयोगी पडतात, असं एक वाक्य लेखाच्या शेवटी आहे. त्या वाक्यासाठी हे पत्र. लेखिकेने आमच्याकडे एक रात्र काढली असती तर ते लिहिलं नसतं. एकच रात्र, फार मागत नाही.

आमची गादी जमिनीवर असते, कारण हे पलंगावरून दोनदा पडले. दाराच्या कडीला बेंदराला बैलाच्या गळ्यात घालतात ती घुंगरमाळ बांधली आहे. एकदा रात्री दोनला हे उठून बाहेर गेले. तोल जात होता, हात हवेत फिरत होते. चौकात पोरं बसलेली. "काका, आज जरा जास्तच झाली वाटतं," म्हणत त्यांनी हसत हसत घरी आणून सोडलं. आणून सोडलं हे उपकारच, पण या माणसाने आयुष्यात सुपारीचं खांडसुद्धा तोंडात टाकलेलं नाही. दुसऱ्या दिवशी मी माळ बांधली. ती रात्रीतून चार-पाच वेळा वाजते.

यांचा डोळा लागतो तो अंबाबाईच्या काकड आरतीच्या सुमारास. डॉक्टरांनी मला कागदावर काढून समजावलं होतं. मेंदूत हायपोथॅलॅमस नावाच्या भागात शरीराचं घड्याळ असतं, या आजारात तेच बिघडतं. अंधार पडल्यावर झोपेची वेळ सांगणारं मेलाटोनिन हे संप्रेरक वाढायला हवं, ते उशिरा वाढतं. यांची झोप तर हातपाय हालायला लागायच्या आधी काही वर्षं गेली होती, ते आम्हाला मागाहून उमगलं. त्यात हालचाली कमी व्हाव्यात म्हणून टेट्राबेनाझिन सुरू आहे, त्याची दिवसा गुंगी. मोबाइल लांब ठेवून यातलं काय दुरुस्त होणार? मोबाइल तसाही यांच्या हातात राहत नाही, वर्षात तीन फुटले.

हळदीचं दूध, म्हणे. पातळ काही घशाखाली जाताना यांना ठसका लागतो आणि माझा जीव टांगणीला. रात्री हलका आहार, म्हणे. सतत हालणारं शरीर ते, वजन झरझर उतरतं. मी रात्री दोनला साजूक तुपातला शिरा चमच्या-चमच्याने भरवते. आणि 'शांत वातावरण ठेवा' हे तर पेठेत राहणाऱ्यांनी फ्रेम करूनच लावावं! रात्री दहानंतर लाउडस्पीकर बंद, हा नियम २००० सालचा. आमच्या चौकापर्यंत अजून पोचायचा आहे.

चिडून लिहिते आहे, माफ करा. पण सासूबाई रात्रभर अंगणात फेऱ्या मारायच्या तेव्हा 'बाहेरचं आहे' म्हणून नरसोबाच्या वाडीच्या पौर्णिमा केल्या, आणि बोल लागला तो सुनेला. आता पौर्णिमेच्या जागी सूत्रं आली, बोल सुनेलाच. अहो, १९९३ मध्ये या आजाराचा जनुक सापडला, चौथ्या गुणसूत्रावर. त्यात 'सीएजी' ही डीएनएची तीन अक्षरं लागोपाठ ४० किंवा जास्त वेळा आली की आजार ठरलेला. यांच्या रिपोर्टात ४४ आहेत. त्यांना शिस्त लावायचं सूत्र लेखिकेकडे असेल तर जरूर कळवावं, आठवं म्हणून छापा.

गाढ झोप लागली की अंगाची वळवळ थांबते. गुजरीत, सराफांच्या पेठेत, कोल्हापुरी साजाची एकेक पानडी घडवायचा तो हात उशीशेजारी नुसता पडून असतो. दुपारी तो असा पडलेला असताना मी यांना हलवून उठवायचं? नाही उठवणार.

नणंदेला मात्र मी उलट बोलले नाही. आईकडून आलेला आजार, प्रत्येक मुलाला निम्मी शक्यता, आणि त्याही त्याच आईच्या. तपासणी करायची की नाही हे त्यांचं त्यांनी ठरवायचं. अलीकडे पहाटे तीनला त्यांचा मेसेज येतो, 'वहिनी, जाग्या आहात का?' मी असतेच.

माझं नाव आणि पेठ छापू नये. मुलगी चोवीस वर्षांची आहे, एवढं कारण पुरे.

आपली,
एक वाचक, कोल्हापूर

ता. क. : रात्री जागताना मी तुमचं शब्दकोडं सोडवते. गेल्या रविवारी आडव्या १७ ला घरं चार होती आणि उत्तर छापलंय तीन अक्षरी. तासभर गेला माझा. तेवढं बघा.