कुत्र्याला स्थिर बसवणारे हात बातमीत कुठे आहेत?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

कुत्र्यांना शब्द कळतात, या विषयावरच्या बातम्या मी आवडीने वाचते. मात्र तीस वर्षे प्रयोगशाळेत सहायक म्हणून काम केल्यामुळे ‘शास्त्रज्ञांनी शोधले’ एवढ्यावर भागवून कुत्र्यांना तयार करणाऱ्या प्रशिक्षकांचा उल्लेख टाळलेला मला खटकतो.

हंगेरीतल्या बुडापेस्टमधले संशोधक अॅटिला अँडिक्स यांच्या गटाचे २०१६ मधले संशोधन घ्या. त्यांनी १३ कुत्र्यांच्या मेंदूचे एमआरआय स्कॅन घेतले, तेही भूल न देता, न बांधता. त्या यंत्राचा आवाज कानठळ्या बसवणारा असतो आणि डोके जरा हलले की चित्र बिघडते. अशा यंत्रात कुत्र्याने आपणहून निश्चल पडून राहावे, हे कुणीतरी चिकाटीने शिकवलेले असते! ती शिकवण नसती, तर कौतुकाचा शब्द आणि कौतुकाचा सूर दोन्ही जुळले तरच मेंदूतले बक्षिसाचे केंद्र (बक्षीस मिळाल्यावर जागे होणारा भाग) उजळते, हे कळले नसते.

२०२४ मध्ये तिथल्याच संशोधकांनी १८ कुत्र्यांच्या मेंदूतील विद्युतलहरी मोजल्या. मालकाच्या आवाजात एका वस्तूचे नाव ऐकवायचे आणि दाखवायची कधी तीच, कधी दुसरी. नाव आणि वस्तू जुळली नाही की लहरी बदलत. इथे तर मालकही प्रयोगाचाच भाग होते.

माझी कुत्री ‘चेंडू’ ऐकताच पलंगाखाली शिरते. हा एक शब्द तिला शिकवायला मला तीन आठवडे लागले, म्हणून त्या प्रशिक्षकांचे मोल मला अधिक वाटते. पुढच्या अशा बातमीत त्यांच्यासाठी दोन ओळी द्याव्यात, ही विनंती.

आपली,
एक निवृत्त प्रयोगशाळा सहायक