ग्राहक आयोगांतील रिक्त पदे वेळेत भरा

महोदय,

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ हा २० जुलै २०२० रोजी अमलात आला आणि १९८६ च्या कायद्यातील बऱ्याच उणिवा निदान कागदावर तरी दूर झाल्या. ग्राहकाला आता स्वतः राहत असलेल्या जिल्ह्यातच तक्रार दाखल करता येते, तसेच पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहारासाठी शुल्क भरावे लागत नाही.

मात्र विरुद्ध पक्षाला नोटीस मिळाल्यापासून तीन महिन्यांत, आणि वस्तूची प्रयोगशाळेत तपासणी आवश्यक असल्यास पाच महिन्यांत, निकाल देण्याचा प्रयत्न व्हावा ही कायद्यातील अपेक्षा, आयोगावर अध्यक्ष व सदस्यच नेमलेले नसतील तर पूर्ण होणार कशी? रिक्त पदांची दखल सर्वोच्च न्यायालयाला २०२१ मध्ये स्वतःहून घ्यावी लागली, ही अत्यंत खेदाची बाब आहे. सदोष यंत्रासाठी किंवा नाकारलेल्या विमादाव्यासाठी दाद मागणाऱ्या वृद्धाला तारखांमागून तारखा परवडत नाहीत. सदस्याची मुदत केव्हा संपणार हे शासनाला आधीच ठाऊक असते. त्यामुळे नव्या नियुक्तीची प्रक्रिया त्यापूर्वीच सुरू व्हायला हवी.

अनेक ग्राहकांच्या हक्कांचे एकत्रित उल्लंघन होत असेल, तर कलम १६ नुसार जिल्हाधिकारी तक्रारीवरून चौकशी करून केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला अहवाल देऊ शकतात. या महत्त्वाच्या अधिकाराची माहिती आणि अशी तक्रार कोणाकडे द्यावी याचा तपशील प्रत्येक जिल्हाधिकारी कार्यालयाने दर्शनी भागात लावावा, ही विनंती.

– एक ग्राहक, सातारा