रोप घेताना आधी पिशवीच्या बुडाशी बघा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जून तोंडावर आलाय. आता पुण्यात वृक्षारोपणाचे फ्लेक्स लागतील, सोसायट्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर वर्गणी निघेल, कंपन्यांची माणसं बस भरभरून टेकडीवर येतील. चांगलंच आहे, माझा त्याला अजिबात विरोध नाही. पण दरवर्षी बघतो की खड्डे कुणी घ्यायचे, पाहुणे कोण बोलवायचे, नाश्त्याला काय ठेवायचं यावर महिनाभर मीटिंगा होतात आणि रोप कुठलं आणायचं हे मात्र आदल्या दिवशी टेम्पोवाला आणि नर्सरीवाला मिळून ठरवतात. तो बिचारा जे शिल्लक असेल ते भरून देतो.

त्यात आपल्याला सगळ्यांना उंच रोप हवं असतं. सात-आठ फुटी रोप लावलं की लगेच झाड लावल्यासारखं वाटतं, फोटोही चांगला येतो. पण ही उंच रोपं बऱ्याचदा ग्रीन नेटखाली दाटीवाटीत वाढलेली असतात, काठीला बांधलेली, काठी सोडली की मान टाकतात. आपल्या टेकड्यांवर वर वीतभर मुरूम आणि खाली खडक, पाऊस जून ते सप्टेंबर, त्यानंतर जवळजवळ आठ महिने वरून म्हणावं तसं पाणी नाही. वर पानांचा पसारा मोठा आणि खाली मूळ पिशवीएवढंच, मग ते रोप मार्चमध्ये तग धरणार कसं? त्यापेक्षा दीड-दोन फुटाचं, बुंध्याशी जाड, उघड्या उन्हात वाढलेलं रोप घ्या, ते निम्म्या पैशात येतं आणि दोन-तीन पावसाळ्यांत त्या उंच रोपाला गाठतं.

रोप बघायची पद्धतही सांगतो. पिशवी उचलली की आधी तिच्या बुडाशी बघा. भोकातून जाड मूळ बाहेर येऊन खालच्या जमिनीत गेलेलं असेल तर ते उचलतानाच तुटलेलं असतं, असं रोप परत ठेवा. मग बुंधा दोन बोटांत धरून हलकेच हलवा. माती त्याच्याबरोबर हलली तर ठीक, नुसता बुंधाच डगमगला तर रोप नुकतंच छोट्या पिशवीतून मोठ्या पिशवीत भरलंय आणि तुम्ही मोठ्या पिशवीचे पैसे देताय. शंभर रोपं घेणार असाल तर एक पिशवी नर्सरीवाल्यासमोरच फाडून बघायची, त्यात लाजायचं काही नाही. पांढरी बारीक मुळं माती धरून बसलेली दिसली पाहिजेत. सोटमूळ तळाला टेकून चकलीसारखं गोल फिरलेलं असेल तर ते रोप लावल्यावरही तसंच फिरत राहतं, वरून चार-पाच वर्षं हिरवंगार दिसतं आणि एखाद्या वळवाच्या वादळात मुळासकट आडवं होतं. आणि लावताना काळी पिशवी पूर्ण काढा हो, तळ कापून तशीच खड्ड्यात बसवलेली रोपं मी अजूनही बघतो.

आता कुंपणाचं. नव्या सोसायट्यांमध्ये सगळीकडे एकतर पिवळा डुरांटा नाहीतर कोनोकार्पस. कोनोकार्पस वर्षात भिंतीएवढा होतो म्हणून बिल्डर लोकांचा लाडका, पण त्याची मुळं पाण्याच्या पाइपलाइन आणि ड्रेनेजमध्ये घुसतात, परागकणांनी सर्दी-दम्याचा त्रास होतो असं सांगून गुजरात सरकारने 2023 मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली. आपण मात्र कंपाउंडच्या कडेने, म्हणजे नेमकं पाइपलाइनवरच लावतोय. गावाकडे काही ठिकाणी घाणेरीचं कुंपण केलं आणि ती रानभर पसरली, कुंपणच शेत खातं म्हणतात ते असं.

मोठ्या जागेला, फार्महाऊसला, शाळेच्या मैदानाला करवंदासारखं कुंपण नाही. काटे असे की गुरं काय माणूसही आत शिरत नाही, चीक असल्याने शेळ्याही फार नादी लागत नाहीत, एकदा रुजलं की उन्हाळ्यात पाणी मागत नाही, वर मे महिन्यात करवंदं. बुलबुलांची तर चैन होते. वाढतं हळू हे मात्र खरं, पहिली दोन वर्षं धीर धरावा लागतो, म्हणून दोन ओळींत दोन-दोन फुटांवर एकाआड एक येतील असं लावा आणि मधे अडुळसा किंवा निरगुडी खोचा, त्यांची नुसती फांदी खोचली तरी पावसाळ्यात लागते आणि तोवर आडोसा होतो. सोसायटीत लहान मुलं आहेत, करवंदाइतके काटे नको असतील तर मेंदी घ्या, ती कात्री छान सोसते.

टेकडीवरच्या लागवडीबद्दल मला जास्त कळकळ आहे. वेताळ टेकडी असो की तळजाई, पूर्वी लावलेली गिरीपुष्पाची झाडी तिथे अजून दिसते, मूळचं मध्य अमेरिकेतलं झाड. ते लावणाऱ्यांना मी दोष देत नाही, भराभर वाढतं, चराईत टिकतं, उजाड टेकडी हिरवी करायची होती. पण आता तरी इथली झाडं आणूया ना. वारस, मेढशिंगी, धावडा, मोई, सालई, गणेर, पांगारा, आपटा, पळस, कांडोळ, ही या मुरमाची झाडं आहेत, उन्हाळ्यात पानं गाळून स्वतःला वाचवतात. सगळी एकाच जातीची नको, रांगेत तर अजिबात नको. त्यांच्याबरोबर भारंगी, मुरुडशेंग, हेंकळ अशी झुडपं पण लावा, नुसत्या उंच झाडांनी रान होत नाही. आणि जिथे चांगलं गवत आहे तिथे खड्डेच घेऊ नका. पावसाळ्यात त्या गवतात जमिनीवरची ऑर्किड्स येतात, तो माळ रिकामा नसतो.

यावर लोक म्हणतात, अहो वारस आणि मेढशिंगी मिळतात कुठे? खरंय, जूनमध्ये नाहीच मिळत. नर्सरीवाला मागणी असेल तेच तयार करतो आणि आपली मागणी फक्त आकड्याची असते. आपल्या राज्य सरकारचंही तेच, 2016 मध्ये एका दिवसात दोन कोटी रोपांचं टार्गेट होतं, 2019 मध्ये तीन महिन्यांत 33 कोटींचं. एवढी रोपं जमवायची म्हटल्यावर पटकन उगवणारंच पुढे येणार. धावड्याचं बी फार कमी रुजतं, करवंदाचं आणि कडुनिंबाचं बी ताजंच टाकावं लागतं, महिने-महिने डब्यात ठेवलं की गेलं. म्हणजे पुढच्या पावसाळ्यात चांगलं रोप हवं असेल तर त्याची ऑर्डर या पावसाळ्यातच जाती लिहून, थोडा अ‍ॅडव्हान्स देऊन द्यावी लागेल. चार सोसायट्या एकत्र आल्या तर कुठलाही नर्सरीवाला हे आनंदाने करेल, त्यालाही माल खपायची खात्री हवीच असते.

महापालिकेला आणि सीएसआर म्हणजे सामाजिक कामावर पैसा खर्च करणाऱ्या कंपन्यांना एवढीच विनंती की टेंडरमध्ये "रोपाची उंची किमान अमुक फूट" ही अट काढा आणि त्याऐवजी जात, बी कुठून आणलं, बुंध्याची जाडी आणि मुळं तपासायचा हक्क हे लिहा. आणि तुम्हाला विनंती की वृक्षारोपणाच्या बातमीत किती हजार रोपं लावली हे छापता तसं कुठली लावली हेही विचारून छापा, रिपोर्टरने नुसतं विचारलं तरी पुढच्या वर्षी आयोजक यादी तयार ठेवतील.

कळावे,
आपला एक नियमित वाचक,
कोथरूड, पुणे