उधार मेहर

प्रिय कुंदे,

दिवाळीपासून तुझी दोन पत्रं उत्तराविना पडून आहेत. रागावली असशील तर रागाव. माझी शुगर ठीक, भाईजानचा दमा जिथल्या तिथं. नसरीनचं सांगायचं आहे. फोनवर रडले असते, म्हणून लिहिते.

तिच्यासमोर खुल्याचा, म्हणजे बायकोनंच मागितलेल्या तलाकाचा, कागद ठेवलाय. घराबाहेर काढलं नवऱ्यानं, दुसरी आणायचीय त्यालाच, आणि कागदावर काय, तर नसरीनलाच नांदायचं नाही, ती मेहर, म्हणजे निकाहात नवऱ्यानं कबूल केलेली रक्कम, सोडते, पुढं काही मागणार नाही! महिनाअखेरच्या शुक्रवारी, जुम्म्यानंतर सही. स्वतः तलाक देत नाही, कारण दिला तर मेहर मोजावी लागते. एका दमात तीनदा म्हणून मोकळं व्हायची सोय २०१९ पासून उरली नाही. तसा तलाक होतच नाही, वर तीन वर्षांपर्यंत कैद. म्हणून सही तिची हवी.

कुंदे, पहिल्या दिवशी मीच तिला म्हटलं होतं, "कर सही, सुट एकदाची." कसं म्हणाले मी?

तिच्या निकाहाचा मांडव आठवतो? काझी म्हणाले, "मेहर पाच हजार एकावन्न, उधार." आणि तू मोठ्यानं, "उधार? लग्नातही कृषी केंद्रासारखी उधारी?" बायका खो खो हसल्या. मी असा चिमटा काढला की तुझा दंड काळानिळा पडला. पोळ्यापर्यंत बोलली नाहीस माझ्याशी. तूच बरोबर होतीस. बियाण्याची उधारी दुकानदार सुगीला बरोबर वसूल करतो. नसरीनच्या मेहरचं एकोणीस वर्षांत कुणी नाव काढलं नाही. मीही नाही.

आणि अब्बांची मय्यत. अम्मीचा हात धरून तूच बसली होतीस. बायकांनी तिला जनाज्याजवळ नेलं, "मेहर माफ किया, बोलो." ती बोलली. इतकी वर्षं मला तो तिचा मोठेपणा वाटायचा. अगं, मेहर म्हणजे नवऱ्याच्या डोक्यावरचं कर्ज. तो गेला तरी वारसांच्या वाटण्या होण्याआधी ते फेडायचं असतं, आणि विधवेचा आठवा हिस्सा त्याहून वेगळा. अम्मीच्या मनात काय होतं ते कुणी विचारलंच नाही, नुसतं वदवून घेतलं.

मंगळवारी नसरीनला दारव्ह्याच्या कोर्टात घेऊन गेले. बाईमाणसाला विधी सेवेचा वकील फुकट मिळतो, कमाई कितीही असो. वकीलबाईंनी तिला आधी पाणी दिलं, मग एकेक सांगितलं. तलाक झाला तर १९८६ च्या कायद्यानं मेहर, माहेरून मिळालेलं सगळं आणि रास्त तरतूद. हा कायदा शाहबानोच्या खावटीच्या निकालानंतर आला, तेव्हा लोकांना वाटलं की इद्दतीचे, तलाकानंतर बाईनं थांबायचे, तीन महिने संपले की नवरा सुटला. पण २००१ मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं, द्यायचं इद्दतीच्या आत, पण पुरायला हवं पुढच्या आयुष्याला. आणि आज, तलाक झालेला नसतानाही, बायको म्हणून खावटी मागता येते.

नसरीन सगळं ऐकून एवढंच बोलली, "अन् माह्या पाटल्या?" खालाजाननं दिलेल्या दोन तोळ्यांच्या. बोअर मारायला विकल्या ना त्यानं! पाणी लागलं, त्यावर त्याची तूर उभी आहे. "पाणी त्याच्या वावराले, अन् मी बाहेर," म्हणे.

सहीच्या बैठकीत भाईजान बसणार, हाच माझा घोर आहे. ते म्हणतात, घरातली गोष्ट कोर्टात नेलीस. मी म्हणाले, बायकांना त्यांची मेहर खुशीनं द्या, हे सूरे निसामधलं तुम्हीच मला शिकवलं. त्यांनी कूस बदलली. दोन दिवस माझ्या हातचा चहा घेतला नाही. अब्बांनंतर त्यांनीच वाढवलं गं मला. तरी त्या शुक्रवारी मी नसरीनच्या शेजारी बसणार आहे.

तुझी नागपूरची बदली झाली का? सोनूची बारावी कशी चाललीय? गुडघ्याला तेल लावत जा.

आता काम. निकाहनाम्याची नसरीनची प्रत सासरच्या पेटीत आहे; काझींच्या रजिस्टरावरून नक्कल काढू. पाटल्यांचा मात्र पुरावा नाही. तुझ्या अल्बममध्ये रुखसतीआधीचा एक फोटो आहे बघ, तू दंड चोळत फुगून उभी आणि नसरीनचे दोन्ही हात पुढं. त्यात पाटल्या स्वच्छ दिसतात. अल्बम माळ्यावर असेल तर सोनूला चढव, तू चढू नकोस. मोबाइलवर लगेच पाठव.

तुझीच,
शमीम