केरोहून आल्यावर बाबांना

कार्बनडेल, इलिनॉय

ती. बाबा आणि आई,
सा. न. वि. वि.

बाबा, मागच्या रविवारी फोनवर केरोचं नाव काढल्याबरोबर तुम्ही विचारलंत, "पुराने उठलं का ते गाव?" पाटबंधारे खात्यात हयात घालवलेल्या माणसाला दुसरं काय सुचणार! फोनवर धड सांगता आलं नाही, म्हणून आता सविस्तर लिहिते. एका शब्दात उत्तर द्यायचं तर नाही. पाण्यापासून ते गाव फार निगुतीने राखलंय. ते रिकामं झालंय वेगळ्याच कारणांनी, आणि ती कारणं तिथे फिरताना पावलोपावली दिसतात.

केरो म्हणजे इलिनॉय राज्याचं अगदी दक्षिणेचं टोक. एका अंगाला ओहायो नदी, पलीकडे केंटकी राज्य. दुसऱ्या अंगाला मिसिसिपी, पलीकडे मिसुरी. गाव या दोन नद्यांच्या बेचक्यात आहे. इथून गाडीने तासाभराचा रस्ता. उत्तरेकडून शिरताना रेल्वेच्या भरावाखालून जावं लागतं आणि तिथे डोक्यावर एक पोलादी दार टांगलेलं दिसतं: 60 फूट रुंद, 80 टन वजनाचं. पूर चढला की ते खाली सोडतात, म्हणजे महामार्गच बंद होतो आणि गावाभोवतीच्या बांधाचं कडं पुरं होतं. तुम्ही असतात तर तिथेच गाडी थांबवायला लावून कप्प्या आणि खाचा बघत बसला असतात, आणि आई गाडीत वैतागली असती.

आत गेल्यावर मात्र मला बराच वेळ बोलायलाच सुचेना. 1920 च्या जनगणनेत या गावात 15,203 माणसं होती. 2020 मध्ये 1,733 उरली. आकडा वाचून त्याचा अर्थ कळत नाही, चालल्यावर कळतो. कमर्शियल अव्हेन्यू हा एकेकाळचा बाजारपेठेचा रस्ता. ओळीने दुकानं असायची तिथे आता मोकळे प्लॉट आहेत, मधूनच एखादी दोन-तीन मजली विटांची इमारत एकटी उभी, छत खाली बसलेलं, खिडक्यांतून आकाश दिसतंय. एका ठिकाणी नुसता उंबरठा शिल्लक होता. मागे इमारत नाही, भिंत नाही. पण दारातली पांढऱ्या-काळ्या षट्कोनी फरशांची नक्षी जशीच्या तशी. मधल्या चार-पाच फरशा पावलांनी झिजून खोलगट झाल्यात. मी खाली बसून हात फिरवला. इतकी झीज व्हायला किती माणसं आत-बाहेर गेली असतील! फरशांच्या सांध्यांतून गवत आलंय, कडेला कुणाच्या तरी गाडीची फुटलेली काच पडलेली.

आई, तुला वाटेल की सगळं भयाण आहे. तसं नाही. वॉशिंग्टन अव्हेन्यूवर मॅग्नोलियाची मोठी झाडं आहेत आणि तिथलं 'मॅग्नोलिया मॅनर' हे घर तुला फार आवडलं असतं. गिरणीवाल्या गॅलिगर नावाच्या व्यापाऱ्याने अमेरिकेच्या यादवी युद्धानंतर, 1872 च्या सुमारास पुरं केलेलं. युद्धात उत्तरेचे सेनानी ग्रँट यांच्या सैन्याचा तळ इथेच होता आणि 1862 साली दक्षिणेवरची त्यांची मोहीम इथूनच निघाली. सैन्याला पीठ पुरवून गॅलिगर गबर झाला. कस्टम हाउसची दगडी इमारतही त्याच काळातली. आणि 1884 ची लाल विटांची सॅफर्ड लायब्ररी! एवढ्या पडझडीत ती आपला आब राखून उभी आहे. तिच्यासमोर मी बराच वेळ रेंगाळले. ज्या गावात असं ग्रंथालय उभं राहिलं, त्या गावाला पुढची शंभर वर्षं आपलीच आहेत असं नक्की वाटलं असणार.

तर गाव ओस का पडलं? थोडा भाग धंद्याचा आहे. पूल नव्हता तोवर आगगाडीचे डबेसुद्धा होडग्यांवर चढवून ओहायोपार न्यावे लागत. माणूस असो की माल, केरोत थांबल्याशिवाय सुटका नसे. 1889 मध्ये रेल्वेचा पूल झाला, पुढे मोटारींचे पूल झाले, 1978 मध्ये नवा महामार्ग गावाला वळसा घालून मिसिसिपीपार गेला. प्रत्येक सोयीने थांबणारी माणसं कमी केली. अशी गावं या नद्यांच्या काठी पुष्कळ आहेत. पण त्यांतली बरीचशी आक्रसली, तरी तगून आहेत.

केरोचं दुखणं निराळं आहे. 1909 मध्ये विल जेम्स नावाच्या काळ्या माणसाला हजारोंच्या जमावाने भर बाजारात, आठव्या रस्त्याच्या तोंडाशी, विजेच्या दिव्यांनी सजवलेल्या कमानीला फाशी दिलं. खटला नाही, काही नाही. त्या प्रसंगाची चित्रं छापलेली पोस्टकार्डं विकली गेली. मी त्या कोपऱ्यावर उभी होते. आता तिथे काहीच नाही आणि मला ते 'काहीच नाही' सहन होईना. 1960 नंतर काळ्या मुलांनी सार्वजनिक पोहण्याच्या तलावात येऊ देण्याची मागणी केली, तर तलावच बंद केला आणि पुढे तो काँक्रीटने भरून टाकला. 1967 मध्ये रजेवर आलेला रॉबर्ट हंट हा एकोणीस वर्षांचा काळा सैनिक पोलीस कोठडीत गळफास लागलेला आढळला. पोलीस आत्महत्या म्हणाले, त्याच्या लोकांनी ते मानलं नाही. गावात दंगल पेटली. 1969 पासून काळ्या रहिवाशांनी दुकानांवर बहिष्कार घातला. मागणी एवढीच की आमच्या पैशावर दुकान चालतं, तर आमच्या माणसांना नोकरी द्या. काही वर्षं तो चालला. बरेच दुकानदार दुकान बंद करून गाव सोडून गेले, पण त्यांनी काळा माणूस कामावर ठेवला नाही.

बाबा, हे वाचल्यापासून माझ्या डोक्यातून जात नाही. स्वतःचा गल्ला बंद केला, मुलांचा तलाव बुजवला, पण वाटून घ्यायला तयार झाले नाहीत.

2011 चं सांगते, ते खास तुमच्यासाठी. इथे ओहायोची पातळी 40 फुटांवर गेली की पूर समजतात आणि गावाची भिंत 64 फुटांपर्यंतचं पाणी अडवते. त्या मे महिन्यात पाणी 61.72 फुटांवर पोचलं. आजवरचा उच्चांक. बांधाच्या आतल्या बाजूला, कोरड्या जमिनीतून वाळूसकट पाणी उसळून वर यायला लागलं. पायपिंग, म्हणजे झिरपणारं पाणी बांधाखालची माती-वाळू वाहून नेतं ते, तुम्हाला मी सांगायला नको. मग त्या उसळ्यांभोवती वाळूच्या पोत्यांची वर्तुळं रचून आतल्या पाण्याची उंची वाढवली आणि दाब सांभाळला. शेवटी लष्कराच्या अभियंत्यांनी 2 मेच्या रात्री मिसिसिपीपलीकडचा बर्ड्स पॉइंटचा बांध सुरुंग लावून उडवला. ही तजवीज 1928 च्या कायद्यापासूनची: सुरुंगाचं स्फोटक द्रव भरायचे पाइप बांधात आधीच बसवलेले. मिसुरीतली सुमारे 1 लाख 30 हजार एकर शेती पाण्याखाली गेली, केरो वाचलं. त्या शेतांत पिनहूक नावाची काळ्या शेतकऱ्यांची छोटी वस्ती होती. ती मात्र त्या पाण्यात संपली. केरो वाचवण्याचं मोजमाप करताना पिनहूकही मोजायला हवं, असं मला वाटतं.

एका घराच्या व्हरांड्यात एक वयस्क काळ्या बाई बसल्या होत्या. मी हात केला, त्यांनी वर बोलावलं. 2011 मध्ये पोलीस दारोदार फिरून घर सोडायला सांगत होते, तेव्हा त्यांनी घराचे कागद आणि शिवणयंत्र तेवढं गाडीत टाकलं होतं. परत आल्या तर घरात थेंब पाणी नाही. "पाणी आलं नाही ते नाहीच, पण माणसंही परत आली नाहीत," म्हणाल्या. शेजारच्या रिकाम्या प्लॉटवरचं गवत त्या स्वतः यंत्राने कापतात, नाहीतर साप घरापर्यंत येतात. त्यांच्या एका मुलीचं बिऱ्हाड सरकारी चाळीत होतं. ज्या कार्यालयाने त्या इमारती सांभाळायच्या, त्यांनी वर्षानुवर्षं हेळसांड केली आणि 2017 मध्ये केंद्राकडून सांगण्यात आलं, आता दुरुस्ती परवडणार नाही, घरं खाली करा. सुमारे 400 माणसं, त्यात निम्मी मुलं. बांधाआड इतक्या काळजीने राखलेल्या गावातून एका नोटिशीने शाळेचे वर्गच्या वर्ग गेले. ती लेक आता पुलापलीकडे मिसुरीत राहते.

परतताना संगमावर गेले. ओहायोचं पाणी हिरवट, मिसिसिपीचं तांबूस-तपकिरी, आणि बऱ्याच अंतरापर्यंत दोन्ही शेजारी-शेजारी वाहतात. इथे ओहायो सरासरीने जास्त पाणी आणते, पण पुढे नाव मिसिसिपीचंच चालतं. आणि नदी रिकामी नाही हो! बार्जांच्या, म्हणजे मालवाहू सपाट तराफ्यांच्या, लांबच लांब रांगा सतत चालू असतात, एकेका बार्जमध्ये दीडेक हजार टन धान्य नाहीतर कोळसा. इथून खाली समुद्रापर्यंत एकही लॉक (बोटी वर-खाली करणारं दारांचं कुंड) नाही, म्हणून बार्ज इथे सोडून-जोडून मोठे ताफे बांधतात. एवढा माल गावाच्या डोळ्यांसमोरून जातो आणि गावाला त्यातलं फार थोडं मिळतं.

म्हणूनच नव्या बंदराची चर्चा आहे. 2020 मध्ये राज्याने त्यासाठी 4 कोटी डॉलर देऊ केले. त्या बाईंना विचारलं तर म्हणाल्या, नोकऱ्या कुणाला देणार ते आधी लिहून द्या. मला त्यांचं पटलं. पण बंदर व्हावं असं मनापासून वाटतं.

तुम्हाला विचारायचं ते हे: पाणी वर्षभरात असं तीस-चाळीस फूट वर-खाली होणाऱ्या नदीवर धक्का बांधायचा कसा? तरंगता, की पायऱ्यापायऱ्यांचा? सविस्तर लिहा, आकृती काढून फोटो पाठवलात तरी चालेल. आईच्या गुडघ्याचं काय झालं तेही कळवा. डॉक्टरांनी सांगितलेले व्यायाम ती करत नसणार, हे मला इथे बसून माहीत आहे.

तुमचीच,
लेक