घरातल्या सर्व्हरला पत्ता द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आमच्या वाड्यावरच्या चवथीच्या घुमट आरत्या, जत्रेतली नाटके आणि म्हाताऱ्या बायकांनी म्हटलेली धालोची गीते मी ध्वनिमुद्रित करून ठेवतो. हे सगळे गोव्यात माशेलच्या माझ्या घरी 'रास्पबेरी पाय' नावाच्या छोट्या संगणकावर आहे; तोच माझा घरचा सर्व्हर. तळहाताएवढा हा संगणक दिवसरात्र चालू राहिला तरी विजेचे बिल फारसे वाढत नाही. आखातात, पुण्या-मुंबईत गेलेल्या गाववाल्यांना हवे तेव्हा हे ऐकता यावे, एवढाच हेतू. परक्या कंपनीच्या खात्यात मी ते ठेवत नाही. खाते कधी बंद झाले, तर गेलेल्या माणसांचे आवाजही त्याबरोबर जातील.

पावसाळ्यात विजेचा लपंडाव चालतो. फायली लिहिल्या जात असताना वीज गेली की मेमरी कार्ड बिघडते. म्हणून आता साठवण एसएसडी डिस्कवर नेली आणि रास्पबेरी पाय व राउटर दोघांनाही छोटा यूपीएस लावला. माझ्याकडच्या रास्पबेरी पाय ४ या मॉडेलमध्ये बॅटरीवर चालणारे घड्याळच नाही. यूपीएस पुरला नाही आणि वीज येऊनही इंटरनेट आले नाही, तर तो जुनीच वेळ धरून बसतो. मग सुरक्षा प्रमाणपत्रे चुकीची ठरतात, बॅकअपवर भलत्याच तारखा पडतात. पण या गोष्टींवर माझ्या हातात उपाय आहेत.

सर्व्हरच्या इंटरनेटवरील पत्त्याचे तसे नाही. आयपीव्ही४ या इंटरनेटच्या जुन्या पत्ता-पद्धतीत एकूण पत्ते सुमारे ४३० कोटी, आणि त्यांचा जागतिक साठा २०११ सालीच वाटून संपला. म्हणून अनेक कंपन्या कित्येक ग्राहकांना मिळून एकच सार्वजनिक पत्ता देतात. याला सीजीनॅट म्हणतात. बाहेर जायला अडचण नाही, पण बाहेरून आत येता येत नाही. अख्ख्या चाळीला एकच पत्ता आणि खोली नंबर नाही, तर पोस्टमनने पत्र द्यायचे कुणाला? आपल्या राउटरच्या सेटिंगच्या पानावर वॅन आयपी, म्हणजे कंपनीने राउटरला दिलेला पत्ता, बघा. तो १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशानेही सुरू होत असेल, तर तुम्ही याच चाळीत आहात.

जोडणी घेताना हे मला कोणी सांगितले नाही. फोन केला तेव्हा उत्तर मिळाले, "घरी सर्व्हर कशाला? बिझनेस प्लॅन घ्या." बाहेरच्या एका भाड्याच्या सर्व्हरवरून घरापर्यंत वायरगार्ड या सॉफ्टवेअरने खासगी वाट, म्हणजे 'बोगदा', काढून मी सध्या काम भागवतो. पण त्याचे भाडे दर महिन्याला भरावे लागते, आणि तो सर्व्हर बंद पडला की घरातला रास्पबेरी पाय चालू असूनही गाववाल्यांना काहीच ऐकू येत नाही.

खरा मार्ग म्हणजे आयपीव्ही६ ही नवी पत्ता-पद्धत. त्यात पत्त्यांचा तुटवडाच नाही. पण काही ठिकाणी तो दिलेलाच नसतो, तर काही ठिकाणी दिला तरी कंपनीच्या राउटरमध्ये बाहेरून येणारी वाट बंद असते आणि ती उघडायची सोय ग्राहकाला नसते.

माझी मागणी साधी आहे. जोडणी सीजीनॅटवर आहे का, हे अर्जावरच मराठी-कोंकणीत लिहावे. आयपीव्ही६ची वाट उघडायची किल्ली ग्राहकाकडे असावी. आणि स्थिर, म्हणजे न बदलणारा, पत्ता हवा असेल, तर घरगुती ग्राहकाला परवडेल अशा दरात तो द्यावा. बिझनेस प्लॅनची अट नको.

— एक वाचक, माशेल