एथिक्सची फाइल गुरुवारपर्यंत द्या
मंडळी, ज्यांचं फील्डवर्क माणसांवर आहे, मुलाखत असो की साधा गूगल फॉर्म, त्यांनी एथिक्स कमिटीची (माणसांवरच्या संशोधनाला आधी मंजुरी देणारी समिती) फाइल येत्या गुरुवारी दुपारी 4 च्या आत डिपार्टमेंट ऑफिसला द्या, गाइडची सही घेऊनच.

- संमतीपत्र मराठीत. मागच्या वेळी एकाने 'गोपनीयता अबाधित राखली जाईल' लिहिलेलं, ऊसतोडीवरच्या मावशी म्हणाल्या म्हंजे काय ओ? सरळ लिहा ना, तुमचं नाव कुणाला सांगणार नाही.
- 18 च्या खालची मुलं असतील तर पालकांची संमती आणि 7 वर्षांपुढच्या मुलाचा स्वतःचा होकारपण, आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) 2017 च्या गाइडलाइन्समध्ये आहे ते.
- रिस्कच्या रकान्यात नुसतं 'निल' नको प्लीज. कर्ज, नवऱ्याची दारू असलं विचारताना बाई रडायला लागली तर काय करणार, ते लिहा.

मंजुरी हातात येईपर्यंत एकपण मुलाखत घेऊ नका, मागच्या तारखेची मिळत नाही.